कंपनीचा सीएसआर आणि आपलं गाव: कोणी विचारलं, कोणाचं ऐकलं? (अनुभव धागा)

कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. हाच सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी. कोकणातल्या रोहा, महाड, लोटे या औद्योगिक पट्ट्यात त्याचे फलक गावोगाव दिसतात, पण फलक लागण्याआधी कोणाशी काय बोलणं झालं ते कुठेच लिहिलेलं नसतं. कंपनीत असा, गावात असा की मुंबईला, काम ठरवताना तुम्हाला विचारलं का आणि त्याने काय बदललं, ते लिहा.

सीएसआर विभाग, लोटे परशुराम

आमच्याकडे पूर्वी यादी वरून यायची. शाळेला संगणक, वाडीला बोअरवेल. एका वर्षी यादी होण्याआधीच कॅन्टीनमध्ये कामगारांची बैठक घेतली. पर्मनंटवाले बोललेच, पण खरी माहिती मिळाली हाउसकीपिंगच्या ठेक्यावरच्या बायकांकडून. त्या सगळ्या आसपासच्या वाड्यांतल्या. एकजण म्हणाली, "बोअर नको हो साहेब. शेजारच्या वाडीत कातळावर मारलीय, ती शिमग्यालाच आटते. आमची जुनी विहीर उपसून द्या आणि वरच्या पऱ्याला (ओढ्याला) बंधारा घाला."

मे महिन्यात तिच्याबरोबर पाखाडी (दगडी पायवाट) उतरून विहिरीवर गेलो. तळाला गुडघाभर गाळ, कठड्याचे चिरे निखळलेले, एका कोपऱ्यातून करंगळीएवढी धार. बायका त्या धारेखाली वाटी धरून हंडा भरत होत्या. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, पण जांभा सच्छिद्र, पाणी झिरपून डोंगराखाली निघून जातं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. कुठल्या विहिरीला कुठला पऱ्या पाणी पुरवतो, हे त्या बाईला ठाऊक होतं.

गाळ लगेच काढला. पऱ्या वाहता होता तेव्हा, नोव्हेंबरात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला. गोण्या वाडीनेच भरल्या. पुढच्या उन्हाळ्यात टँकर लागला, पण बराच उशिरा. पूर्ण प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही.

मेंटेनन्स फिटर, चिपळूणजवळ

२२ जुलै २०२१ चा पूर. कंपनीने धान्याचे किट आणि चादरी पाठवायचं ठरवलं, त्याची गरज होतीच. पण आमच्यातले बरेच जण पूर आलेल्या गावांतलेच. आम्ही मॅनेजरना सांगितलं, गावांच्या नळपाणी योजना बंद आहेत, पंपाच्या मोटारीत चिखल भरलाय, आम्हाला सोडा. सोडलं. मोटर उघडायची, वाइंडिंग स्वच्छ पाण्याने धुवायचं, हॅलोजनखाली सुकवायचं, मेगर लावून इन्सुलेशन बघायचं, मग वार्निश. कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये रात्रपाळी संपवून पोरं हे करत होती. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात पहिल्यांदा प्रश्न आला, "आपल्या माणसांच्या हातात काय कसब आहे?" माझ्या मते सुरुवात याच प्रश्नाने व्हायला हवी. पैसा दुसरा कोणीही देईल.

कंपनी सेक्रेटरी, रायगड

वरचं वाचून बरं वाटलं. थोडी भर घालते. सूचना कर्मचाऱ्यांकडून जरूर घ्याव्यात, पण फक्त कर्मचाऱ्यांच्याच फायद्याचं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. २०२१ च्या सुधारित नियमांत ते स्पष्ट आहे. आमच्याकडे स्वतःच्या गावचं काम सुचवणारा निवडीच्या वेळी बाहेर बसतो. हा नियम युनियननेच सुचवला.

दुसरं, ३१ मार्चला वर्ष संपायच्या आत पैसे खर्चायची घाई. विहिरीचं काम दोन हंगाम चालतं. ते सुरुवातीलाच 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केलं, तर उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. मार्चमध्ये छत्र्या वाटायची वेळ येत नाही.

चाकरमानी, विरार

वाडीत बैठक घेणार असाल तर गणपतीत किंवा मे महिन्यात घ्या, आम्ही घरी असतो. एरवी वाडीत म्हातारी माणसं आणि कुलूपबंद घरं.

शिक्षिका, दापोली तालुका

शाळेला टॅब मिळाले. आभारी आहोत. पण मुलींच्या स्वच्छतागृहात नळाला पाणी नाही, हे एकदा शाळेत येऊन विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

मच्छीमार सोसायटी, खाडीपट्टा

आम्हालाही बोलावलं होतं. तालुक्याच्या हॉटेलात, सकाळी अकराला. त्या दिवशी होड्या खाडीत होत्या, गेलो चौघे. मत्स्यपेट्या देतो म्हणाले. आमच्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "पेटीत भरायला मासळी कुठाय? आधी नाल्यातून खाडीत काय सोडता ते दाखवा." सगळे गप्प.

सांडपाण्यावर प्रक्रिया करणं हे कंपनीचं कायद्याने ठरलेलं काम आहे, ते सीएसआरच्या खर्चात दाखवता येत नाही. आमचं मागणं तेच आहे: दोन्ही हिशेब वेगळे ठेवा, पण एकाच बैठकीत दोन्हींवर बोला. पुढची बैठक आम्ही सोसायटीच्या शेडमध्ये घ्यायला लावली, जुलैत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे शेड भरली. मासळी विकणाऱ्या बायका पहिल्यांदाच आल्या आणि त्यांनी बाजारात सावलीचा ओटा आणि पाणी मागितलं. ते आराखड्यात गेलं. पाण्याच्या तपासणीचा अहवाल दर महिन्याला सोसायटीच्या फळ्यावर लावायचं कंपनीने कबूल केलंय. दोन महिने अहवाल फळ्यावर लागला. पुढचा अजून आलेला नाही, पाठपुरावा चालू आहे.