कार्बामाझेपिनच्या आधी एचएलए तपासणी करावीच का?

प्रश्न (नंदनवन, नागपूर):
आईच्या गालात ट्रायजेमिनलची (चेहऱ्याच्या नसेची) कळ उठते, दात घासतानाही डोळ्यांत पाणी येतं. धंतोलीच्या डॉक्टरांनी त्यावर कार्बामाझेपिनची गोळी सांगितली, पण आधी रक्तात एचएलए-बी १५:०२ हा जनुकाचा प्रकार आहे का बघा म्हणाले. गोळी लगेच सुरू करू का?

उत्तर:
थांबा ताई, रिपोर्ट येऊ द्या. हा प्रकार निघाला तर स्टीव्हन्स-जॉन्सन या औषधाच्या गंभीर रिअ‍ॅक्शनचा धोका फार वाढतो: अंगावर फोड, तोंड-डोळे सोलून निघतात. २००४ मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी हा संबंध दाखवला. जनुकं बदलत नाहीत, तपासणी एकदाच. रिपोर्ट जपून ठेवा.

उत्तर:
निगेटिव्ह आला तरी पहिले दोन-तीन महिने ताप, पुरळ, तोंड येणं यांवर नजर ठेवा जी. काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्नकर्ती:
हो जी. उद्या सकाळीच आईचं रक्त तपासायला देते. तोवर कळ थांबवायला दुसरं काय, तेही डॉक्टरांनाच विचारते.