मदत हवी आहे: संधिवातामुळे बेस गिटार विकायच्या आहेत. एखादा ठेवावा का?

खर्जातला
वय ६८. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटांत सांध्यांची झीज आहे. सध्या चार बेस आहेत: १९७८चा फेंडर प्रिसिजन (३४ इंच स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी; ब्रिज बदललेला, मूळ ब्रिज जपून ठेवलेला), पाच तारांचा ॲक्टिव्ह (आतलं सर्किट बॅटरीवर चालणारा), फ्रेटलेस (दांड्यावर धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, नसलेला) जॅझ आणि ३० इंची मस्टँग. सगळे काढायचे की एक ठेवायचा? प्रिसिजन विकण्याआधी पॉलिश, नवे फ्रेट वगैरे करून घ्यावं का?

तार_ढिली
पाच तारांचा आधी काढा. रुंद नेकवर (डाव्या हातात धरायच्या दांड्यावर) अंगठ्याचं मूळ जास्त ताणलं जातं. त्यानंतर फ्रेटलेस.

मस्टँग मात्र सेटअप (तारा, त्यांची उंची आणि नेकचा बाक जुळवणं) करून वाजवून बघितल्याशिवाय विकू नका. त्याच जाडीची तार त्याच स्वराला लावली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे ३० इंचावर तो ३४ इंचाच्या ७८ टक्केच राहतो. अर्धा स्वर खाली उतरवलात तर आणखी ११ टक्के कमी. पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर ३४ इंचीवर १३० मिमी, ३० इंचीवर ११४. बोटांना हा फरक लगेच कळतो. पण तारा फार ढिल्या केल्या की त्या फ्रेटवर खडखडतात, मग ऍक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वाढवावी लागते आणि वाचवलेला जोर तिथेच खर्च होतो. ४०–९५चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) हलका सेट लावून बघा. फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा गुळगुळीत म्हणून मऊ असतील असं अनेकांना वाटतं, पण त्याच जाडीत त्या बहुधा जास्त ताठ असतात.

बऱ्याचदा खरी गोम नटमध्ये (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) असते. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघा. केसाएवढीच हवी. जास्त असेल तर खालच्या पोझिशनमध्ये उगाच जोर लागतो. मग नेकचा बाक बघायला तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून आठव्यापाशी फट मोजा, साधारण ०.३ मिमी पुरे.

जुनं_लाकूड
प्रिसिजनला पॉलिशही नको, नवे फ्रेटही नकोत. जुन्या वाद्याची किंमत मूळ फिनिश आणि मूळ भागांवर ठरते. जुना ब्रिज सोबत द्या. त्याच भोकांत बसत असेल तरच परत लावा, नवी भोकं पाडू नका.

पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीचा फोटो काढा. १३७ने सुरू होणारा आकडा असेल तर तो सीटीएस या पॉट बनवणाऱ्या कंपनीचा: १३७७८१७ म्हणजे १९७८चा १७वा आठवडा. ही तारीख पॉटची, गिटार त्यानंतरची. जुनं सोल्डर मात्र उकलू नका, गिऱ्हाईक तेच बघतं. त्या काळच्या प्रिसिजनचा ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, बाक जुळवायच्या सळईचा) फिरवायचा नट नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असतो, त्यामुळे नेक सैल करावी लागते. दुखऱ्या अंगठ्याने ते करू नका, कारागिराकडून करून घ्या आणि रॉड अजून किती फिरतो ते जाहिरातीत लिहा.

देशाबाहेर पाठवणार असाल तर फिंगरबोर्डचं लाकूड तपासा. २०१९च्या नोव्हेंबरपासून रोझवूडच्या तयार वाद्यांना साइट्सच्या (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्यातून सूट आहे, पण ब्राझिलियन रोझवूडला नाही.

खर्जातला
धन्यवाद दोघांनाही. कुरिअरने पाठवताना तारा पूर्ण सोडू का? आणि मस्टँग ठेवला तर उजव्या अंगठ्याचं काय करू?

जुनं_लाकूड
पूर्ण नको, एक-दोन स्वर उतरवा. ताण अजिबात नसला तर ट्रस रॉड नेकला उलटा बाक देतो. केसमध्ये हेडस्टॉकखाली आणि नेकखाली आधार द्या, केस आणि खोक्याच्या मध्ये चहूकडून ५ सेंमी भरण. ॲक्टिव्हमधली ९ व्होल्टची बॅटरी काढा.

तार_ढिली
अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या भागावर) रोवून ठेवू नका. तो तारांवर नुसता टेकवत, बोटांबरोबर सरकू द्या. अँपचा आवाज वाढवा आणि बोटं हलकी मारा. स्ट्रॅप ८–१० सेंमी रुंद घ्या. सांधा सुजलेला किंवा गरम असेल त्या दिवशी बेस केसमध्येच राहू दे. अंगठ्याचा स्प्लिंट कोणता आणि कधी लावायचा ते हाताच्या थेरपिस्टला विचारा, जाताना बेस सोबत न्या म्हणजे पकड बघता येईल.