एक्झिट रीएंट्री: दोन महिने कधीपासून मोजायचे?

कोकणी_जुबैल
नमस्कार मंडळी. सौदीत जुबैलला ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन आहे. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, अडीच वर्षांनी घरी निघालोय. मंदूबने (कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा माणूस) काल एक्झिट रीएंट्री, म्हणजे बाहेर जाऊन परत यायचा व्हिसा, काढली, म्हणाला दोन महिन्यांची आहे. विमान अजून २० दिवसांनी आहे. हे २० दिवस त्यातून जाणार का? रूमवर प्रत्येक जण वेगळं सांगतोय. लग्नानंतर घराची कौलं उतरवून शाकारणी करून द्यायची आहे, म्हणजे महिनाभर वाढवावी लागेल. गावाहून वाढते का? इकामा (इथे राहायचा परवाना) संपायला साडेतीन महिने आहेत.

दम्मामकर
भाऊ, मंदूबच्या बोलण्यावर जाऊ नका, कागद उघडा. मुदत दिवसांत लिहिली असेल तर तुम्ही सौदीबाहेर पडता त्या दिवसापासून मोजतात, फक्त व्हिसा निघाल्यापासून तीन महिन्यांच्या आत निघायचं. पण 'रिटर्न बिफोर' आणि पुढे तारीख असेल, तर त्या तारखेच्या आत परत यायचं. तुम्ही कधी निघालात याच्याशी त्याचा संबंध नाही.

मी हे भोगलंय म्हणून इतकं लिहितोय. वडील आजारी म्हणून घाईत निघालो, कागद घडी घालून पासपोर्टात ठेवला. दोन महिने आहेत हेच डोक्यात. वडील गेल्यावर तिकीट बदलायला म्हणून तो उघडला, तर तारखेला सहा दिवस उरलेले. मुदत वाढवून घ्यायला ऑफिसला फोन लावत राहिलो. ईदची सुट्टी, मुकीमवर (कंपन्या व्हिसाची कामं करतात ते ऑनलाइन पोर्टल) काम करणारा माणूस स्वतःच गावी गेलेला. पाचव्या दिवशी निघालो. दहाव्याला पिंडाजवळ धाकटा भाऊ एकटा बसला होता. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

तुमचा हिशेब: २० आणि ६० मिळून ८० दिवस, इकामा साधारण १०५ दिवसांचा. वर महिना वाढवला तर ११० होतात, म्हणजे इकामा आधी संपतो. मुदत गावाहून वाढते, कंपनी मुकीमवरून करते, पण इकामा तेवढा चालू हवा. आताच नूतनीकरण करून घ्या.

आणि पैसे तुमच्याकडून मागितले तर देऊ नका. सिंगल (एकदाच जाऊन यायचा) व्हिसा दोन महिन्यांपर्यंत २०० रियाल, पुढे दर महिन्याला १००, बाहेर असताना वाढवली तर त्याच्या दुप्पट. कामगार कायद्याच्या कलम ४० प्रमाणे एक्झिट रीएंट्रीची फी मालकाने भरायची असते. आमच्या कॅम्पात कित्येक पोरांच्या पगारातून ती कापली जाते आणि कुणी विचारतही नाही.

अल_खोबर_७
पासपोर्टही बघा, व्हिसा काढताना तो किमान ९० दिवस चालू लागतो. जाणं रद्द झालं तर व्हिसा मुदतीत रद्द करा, नाहीतर १,००० रियाल दंड. भरलेली फी मात्र परत मिळत नाही.

रियाधवाली_ताई
मार्च २०२१ पासून कामगार स्वतःही अब्शर या सरकारी ॲपवरून अर्ज करू शकतो, कफीलची (मालकाची) परवानगी लागत नाही. पण घरकाम करणाऱ्या बायका आणि घरचे ड्रायव्हर त्यात येत नाहीत. माझी मावशी रियाधलाच एका घरात स्वयंपाक करते, तिला अजून मॅडमच्या होकाराची वाट बघावी लागते. तुम्ही कंपनीत आहात, तर मंदूबवर अडून राहू नका.

कोकणी_जुबैल
दम्मामकर दादा, वाचून पोटात गलबललं. लगेच कागद उघडला. 'रिटर्न बिफोर'च आहे! कालपासून बरोबर ६० दिवसांची तारीख, म्हणजे घरी मला ४०च दिवस मिळणार होते. आत्ताच मंदूबकडे जाऊन आलो. हा रद्द करून दिवसांचा काढतो म्हणाला, आधी इकामा. नवीन फी तुझ्याकडून घेईन म्हणत होता, त्याला कलम ४० सांगितलं. साहेबांना विचारतो म्हणाला. उद्या सकाळी परत जातोय, नवीन कागद हातात आला की इथे कळवतो.