मदत हवी आहे: औषध कंपनीच्या रुग्ण सहाय्य योजनेचा अर्ज

नमस्कार मंडळी. आईला संधिवातासाठी बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेल्या औषधाचं) इंजेक्शन लिहून दिलंय, पण खर्च झेपत नाहीये. कंपनीच्या रुग्ण सहाय्य योजनेचा अर्ज भरतेय. प्रिस्क्रिप्शन, उत्पन्नाचा पुरावा जोडला. गाडी अडलीय डॉक्टरांच्या पानावर. निदान, डोस, सही-शिक्का हे सगळं त्यांच्याकडूनच हवं आणि दवाखान्यात तो कागद फाइलमध्ये नुसता पडून आहे. अशा वेळी नेमकं कोणाच्या मागे लागायचं? घरात कमावती मी एकटीच, मग उत्पन्न माझं धरतात की आईचं? मंजुरी बहुतेकदा ठरावीक मुदतीचीच असते, तर नूतनीकरणाचे कागद तुम्ही किती आधी पाठवता? मध्ये डोस चुकायला नको. बोटांचे सांधे सुजले की तिला साधी वाटीसुद्धा उचलवत नाही. कोणी असा अर्ज केला असेल तर कृपया सांगा.