सीएफए परीक्षेसाठी कॅल्क्युलेटर: बीए टू प्लस की एचपी १२सी?

प्रश्न
नमस्कार. मी सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट) या परीक्षेच्या पहिल्या पातळीची तयारी सुरू केली आहे. आजवर सायंटिफिक कॅल्क्युलेटरवरच हात बसलेला आहे, परंतु तो या परीक्षेत चालत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस किंवा एचपी १२सी, आणि या दोहोंच्या पुढील आवृत्त्या, एवढ्यांनाच परवानगी आहे. पुढे एफआरएम ही जोखीम व्यवस्थापनाची परीक्षा देण्याचाही विचार असल्याने दोन्हीकडे चालेल असे यंत्र हवे आहे. कोणते घ्यावे, आणि बीए टू प्लसच्या प्रोफेशनल आवृत्तीचा खरोखर उपयोग होतो का?

प्रतिसाद १
एफआरएमलाही ही दोन्ही यंत्रे चालतात, त्यामुळे त्या मुद्द्यावर निवड अडत नाही. सायंटिफिकची सवय असेल तर बीए टू प्लस घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १२सी हे १९८१ पासूनचे यंत्र असून त्यात आधी आकडे आणि मग क्रिया असा क्रम असतो, म्हणजे ३ आणि २ यांची बेरीज करताना ३, एंटर, २, अधिक अशी बटणे दाबावी लागतात. शिवाय कालावधी काढताना ते उत्तर पुढच्या पूर्णांकापर्यंत नेते. ७ टक्के दराने रक्कम दुप्पट व्हायला बीए टू प्लस १०.२४ वर्षे दाखवतो, तर १२सी सरळ ११ दाखवते.
प्रोफेशनल आवृत्तीत सुधारित ड्युरेशन (दर बदलल्यास रोख्याची किंमत किती हलते याचे माप), परतफेडीचा कालावधी आणि एमआयआरआर (सुधारित अंतर्गत परतावा दर) थेट निघतात. सोय आहे, पण साध्या आवृत्तीवाचून काही अडत नाही.

प्रतिसाद २
कालावधीबद्दलचा आक्षेप रास्त आहे, तरीही १२सीची बाजू मांडावीशी वाटते. हात एकदा बसला की कंस लागतच नाहीत, कारण मधली उत्तरे चार कप्प्यांच्या रचनेत आपोआप साठत जातात. शिवाय वर्षातून किती हप्ते ही वेगळी सेटिंग त्यात नाही. दर नेहमी प्रत्येक कालावधीचाच द्यायचा, त्यामुळे चुकीची एक मोठी वाटच बंद होते. मात्र सवय व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून परीक्षा जवळ आली असेल तर या वाटेला जाऊ नये.

प्रतिसाद ३
बीए टू प्लस घेतलात तर सरावाआधी तीन सेटिंग तपासा, कारण मी स्वतः एका सराव परीक्षेत यापायी ओळीने गुण गमावले आहेत. पी/वाय, म्हणजे वर्षातून किती हप्ते ही सेटिंग, १ ठेवा. १,००० दर्शनी मूल्याचा, १० वर्षे मुदतीचा, वार्षिक ८ टक्के कूपन (व्याज) दर सहामाहीला अर्धे देणारा रोखा वार्षिक ६ टक्के परतावा दराने मोजताना एन (हप्त्यांची संख्या) २०, आय/वाय (इथे सहामाहीचा दर) ३, पीएमटी (हप्ता) ४० आणि एफव्ही (शेवटी मिळणारी रक्कम) १,००० भरल्यावर पीव्ही (आजची किंमत) उणे १,१४८.७७ यायला हवा. पी/वाय १२ राहिला असेल तर हाच आकडा १,७०० च्या वर जातो, आणि पडद्यावर चुकीची खूण काहीच दिसत नाही. दशांश स्थळे २ वरून किमान ४ करा, आणि गणनक्रम चेनऐवजी (बटणे दाबली त्याच क्रमाने क्रिया) एओएस (गुणाकार-भागाकार आधी) ठेवा. उत्तरापुढचे उणे चिन्ह म्हणजे रोखा घेताना खिशातून जाणारी रक्कम, त्याने गोंधळू नका.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. मित्राच्या बीए टू प्लसवर ३ + २ × ४ करून पाहिले तर उत्तर २० आले, ११ नाही. एओएसचा मुद्दा तिथेच नीट उमगला. त्याच्याकडूनच हे यंत्र घेत आहे. परीक्षेपूर्वी बॅटरी बदलणे आवश्यक आहे का?

प्रतिसाद ३
वापरलेले यंत्र असल्यामुळे बदलाच, पण आदल्या रात्री नको. बॅटरी काढली की सेटिंग मूळ स्थितीवर जातात, म्हणजे दशांश पुन्हा २ आणि क्रम पुन्हा चेन. दोन आठवडे आधी बदला आणि लगेच तेच ३ + २ × ४ करून पाहा.