फडक्यातून गाळलेलं पाणी आणि पटकी

कुणी कुणी म्हणतात की पाणी फडक्यातून गाळून पटकी (कॉलरा) थांबत नाही, कारण जंतू कापडातून आरपार जातात. सुटा जंतू जातो, हे खरंच. पण नदी-तळ्याच्या पाण्यात पटकीचे पुष्कळ जंतू कोपेपॉड नावाच्या बारीक जलजीवांच्या अंगाला चिकटून असतात, आणि हे जलजीव कापडात अडकतात. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांच्या गटाने बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागात सुमारे ६५ खेड्यांत हे करून पाहिलं. सुती साडी चार वेळा दुमडून कळशीच्या तोंडावर धरायची, इतकंच. साडी जुनी असलेली बरी; धुऊन धुऊन सुताचे तंतू फुलतात आणि छिद्रं आणखी बारीक होतात. २००३ साली आलेल्या निष्कर्षानुसार पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले.

उकळण्याला किंवा क्लोरीनला हा पर्याय नव्हेच, गाळूनही जंतू उरतात. पण पुरात सरपण भिजलेलं असतं, औषध पोचलेलं नसतं, तेव्हा घरातल्या बाईच्या हाती एवढंच असतं. त्याला निरुपयोगी म्हणू नका, एवढी कळकळीची विनंती. आमच्या आजीचं फडकं एकपदरी असायचं. तिला घड्या घालायला कुणी सांगितलं असतं तर! आणि गाळल्यावर फडकं गाळलेल्याच पाण्याने खळबळून उन्हात कडक वाळवायचं.