अनुभव धागा: इंधन महागलं, तेव्हा मोठ्या गाडीचं काय केलंत?

मुंबईत २९ मे २०२१ रोजी पेट्रोलने शंभरी ओलांडली. पुढच्या एप्रिलमध्ये ते १२० रुपये ५१ पैशांवर होतं आणि डिझेल १०४ रुपये ७७ पैशांवर. तेव्हा आमच्या ऑफिसात डबा खाताना सगळे एकच म्हणत होते, आता मोठ्या गाड्यांचे दिवस भरले. प्रत्यक्षात २०२३-२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी सुमारे ६० टक्के युटिलिटी गटातल्या, म्हणजे एसयूव्ही आणि मोठ्या कौटुंबिक गाड्या होत्या. त्यात चार मीटरच्या आतल्या छोट्या एसयूव्हीही धरतात हे खरं, पण सात आसनी गाड्यांसाठी महिनोन्‌महिने थांबलेले लोक मी ओळखीत पाहिलेत.

मला वाटतं ते आधीच सांगते. दर वाढला म्हणून आपल्याकडे मोठी गाडी घेणं थांबत नाही. ती कशावर चालवायची, किती चालवायची आणि चालवायची की नुसती ठेवायची, एवढंच बदलतं. खरा फटका बसतो तो त्या गाडीवर पोट असलेल्यांना. तुमचा अनुभव काय? सरकार कुठलं चांगलं हा वाद इथे नको, गाडीबद्दल लिहा.

रानवारा (माण तालुका)

ताई, पोटाचा विषय काढलात म्हणून लिहितो. दहिवडी भागात आधी वडिलांनी वडाप (सीटमागे भाडं घेऊन जीप चालवणं) केलं, मग मी. डिझेलची ट्रॅक्स जीप होती. जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नास पन्नास पैशांनी चढायला लागलं. पन्नास पैसे ऐकायला काहीच नाहीत. पण भाडं काय पन्नास पैशांनी वाढत नाही, ते वाढवायचं तर पाच रुपयांनीच. आणि पाच वाढवले की म्हातारी माणसं गाडीतून उतरून एसटीची वाट बघत बसतात. मग भाडं तेच ठेवायचं आणि माणसं जास्त कोंबायची. डिझेल वाढलं की जीपमधली गर्दी वाढते, हे आमच्या रस्त्यावर शाळेच्या पोरांनाही कळायचं. गाडी भरल्याशिवाय हलवायची नाही, म्हणून खेपाही कमी व्हायच्या. भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर चढवायची म्हणजे डिझेल अजून जास्त जातं.

तरी ते निभावलं. २०२२ नंतर मात्र जमलं नाही. डिझेल नव्वदीच्या खाली यायला तयार नव्हतं. त्यातच ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. बाजारच्या दिवशी आमचं गिऱ्हाईक म्हणजे बायका आणि म्हातारी माणसंच. त्यांचं भलं झालं, मनापासून सांगतो, आमची आईपण एसटीनेच जाते. पण एका बाजूने डिझेल आणि दुसऱ्या बाजूने रिकाम्या सीटा, यात हप्ता कुठनं काढायचा? ट्रॅक्स विकली. आता सीएनजीवरची लहान गाडी आहे आणि शाळेची मुलं नेतो. स्टँडवर ओळीनं उभ्या राहणाऱ्या जीपा आता थोड्याच उरल्यात.

गोदाकाठ (परभणी)

राज्यातला सगळ्यात महाग पेट्रोलचा दर म्हणून आमच्या जिल्ह्याचं नाव टीव्हीवर कायम येतं. इथला टँकर मनमाडच्या डेपोतून तीनशेहून जास्त किलोमीटर चालून येतो, त्याचं भाडं आमच्याच लिटरमध्ये धरलेलं असतं. मुंबईच्या आधीच आम्ही शंभरी पाहिली.

पण धागाकर्तीचं म्हणणं इथे पूर्ण लागू पडतं. आमच्याकडे मोठी गाडी कधी येते? सोयाबीनला भाव लागला, समृद्धी महामार्गाच्या जमिनीचा मोबदला मिळाला किंवा घरातलं कोणी निवडून आलं की. डिझेलचा दर बघून गाडी घेणारा किंवा न घेणारा शेतकरी मला अजून भेटायचाय. काकांकडे पांढरी एसयूव्ही आहे. आठवडाभर ताडपत्रीखाली उभी असते, काका शेतात मोटारसायकलवर जातात. लग्न, तेरावं, नांदेडचा दवाखाना आणि निवडणूक, एवढ्यालाच ती बाहेर निघते. पूर्वी नात्यात कोणीही किल्ली मागून न्यायचं. आता काकू सरळ म्हणतात, डिझेल टाकून आणा. या एका वाक्यावरून दोन घरांत बोलणं बंद झालंय. गाडी होती म्हणून अख्खी भावकी एकत्र जायची, त्याची मला फार खंत वाटते.

चर्नीरोड

थोडं मागचं सांगतो. वडिलांचं गिरगावात गॅरेज होतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि बॅरलचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता, तो काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाला. दिल्लीत १२ नोव्हेंबरला अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, ते याच दरवाढीच्या निषेधासाठी.

तेव्हा मुंबईत शेवरलेट, डॉज, प्लिमथ अशा आगबोटीएवढ्या गाड्या बऱ्याच होत्या. वडील सांगायचे की त्या गाड्या लोकांनी भंगारात काढल्या नाहीत, त्यांची इंजिनं काढली. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि त्या जागी पर्किन्स कंपनीचं डिझेल इंजिन बसवायचं. पुढे अ‍ॅम्बेसेडर आणि काँटेसात मॅटेडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवायची कामं मी स्वतः पाहिलीत. माउंटिंग बदलायचं, रेडिएटर मोठा टाकायचा, आरटीओच्या पुस्तकात इंधन बदलून घ्यायचं. गाडी थरथरायची, आत बोललेलं ऐकू यायचं नाही, पण घरचे आठही जण बसायचे आणि खर्च परवडायचा. मोठ्या गाडीची गरज दराने कमी होत नाही, माणूस फक्त तिच्या पोटातलं इंजिन बदलतो, हे मी त्या गॅरेजात शिकलो.

हडपसर_जुनीगाडी

जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. चर्नीरोड काकांनी सांगितलं तेच आमच्या बाजारात २०१० नंतर नव्याने घडलं. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचे दर मोकळे केले, म्हणजे बाजारावर सोडले, डिझेलचे नाही. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ च्या वर आणि डिझेल ४१ च्या आत होतं. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! ज्याचं महिन्याचं धावणं चारशे किलोमीटरही नाही तोसुद्धा डिझेलच मागायचा. पेट्रोलवरची मोठी गाडी दारात आली तर आम्ही हात लावायला घाबरायचो.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळं झालं आणि तो फरक वितळत गेला. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार सीसीच्या वरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली (पुढच्या ऑगस्टमध्ये ती एक टक्का अधिभारावर परत सुरू झाली). दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती, त्यामुळे तिकडच्या चांगल्या स्थितीतल्या मोठ्या गाड्या एनओसी (ना-हरकत दाखला) घेऊन आपल्याकडे स्वस्तात येऊ लागल्या. एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच सोडलं.

माझं निरीक्षण सांगतो. दर वाढला की पहिले दोन-तीन आठवडे फोन थंडावतात. मग तेच लोक परत येतात, फक्त प्रश्न बदललेला असतो. आधी विचारतात "टॉप मॉडेल आहे का?", नंतर विचारतात "सीएनजी बसतो का?" सात आसनी सीएनजी गाडी माझ्याकडे दोन दिवस टिकत नाही.

मुळाकाठ (पुणे)

मोठी गाडी घेणाऱ्यांना दराचं फार का वाटत नाही, याचा हिशोब आम्ही नवरा-बायकोने बसून केला होता. पंधरा लाखांचं कर्ज, नऊ टक्के, सात वर्षं: हप्ता चोवीस हजारांच्या आसपास. महिन्याला हजार किलोमीटर आणि लिटरला बारा धरले तर ८३ लिटर लागतं. दर लिटरमागे दहा रुपयांनी वाढला तरी बोजा साडेआठशेच्या आत. चोवीस हजारांचा हप्ता ज्याने मान्य केलाय त्याला त्या साडेआठशेने कोण अडवणार? सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरचा कर सेससकट पन्नास टक्क्यांपर्यंत होता तो सरसकट चाळीसवर आला, त्याने शोरूममध्ये जितकी गर्दी झाली तितकी इंधनाच्या दराने कमी झालेली मी कधी पाहिली नाही.

दुचाकीवाल्याचं तसं नाही. त्याला हप्त्याच्या मानाने पेट्रोलच मोठं. दर वाढल्यावर रडू येतं ते त्याला.

सॅन होजेहून

मुळाकाठ, इथे मात्र मागणी खरंच हलते. जुलै २००८ मध्ये अमेरिकेत गॅलनचा सरासरी दर चार डॉलरच्या वर होता. त्याआधी जूनमध्येच जनरल मोटर्सने ट्रक आणि एसयूव्हीचे चार कारखाने बंद करायचं जाहीर केलं होतं. हमर हा ब्रँड २०१० मध्ये बंद पडला. आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाची भली मोठी एसयूव्ही बदलीत घ्यायला एकही डीलर तयार नव्हता.

फरकाचं कारण करात आहे. इथला केंद्रीय इंधनकर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंट, तेवढाच. त्यामुळे कच्चं तेल वर गेलं की पंपावर थेट झळ बसते आणि खाली आलं की थेट दिलासा. लोक दोन्हीकडे पटकन वळतात. २०१४ च्या शेवटी दर कोसळले आणि मोठ्या गाड्या परत रांगेने आल्या. भारतात मे २०२० मध्ये कच्चं तेल मातीमोल असताना उत्पादन शुल्क पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढलं. दर कधी उतरेल ही आशाच नसेल तर माणूस दराकडे बघून निर्णय कशाला लांबवेल?

जून २०२२ मध्ये इथे सरासरी पाच डॉलर झाली तेव्हा आम्ही मिनीव्हॅन शोधत होतो, आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार होते. टोयोटाची सिएना २०२१ पासून फक्त हायब्रिडच येते. तिच्यासाठी एवढी यादी होती की गाडी हातात येईपर्यंत आई-बाबा परत सांगलीला पोचले होते.

तेरेखोल (बांदा)

आमचं सगळं गणित गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यापलीकडचं. २०१२ मध्ये पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास काढून टाकला, दर अकरा रुपयांच्या आसपास उतरला. तेव्हापासून अर्धा बांदा टाकी भरायला पलीकडे जातो. तो दर आता राहिला नाही, तरी फरक आहेच.

भावाच्या भाड्याच्या गाड्या आहेत. पर्यटकाला उघड्या टपाची दांडगी जीपच हवी असते, आणि पेट्रोल तो स्वतःच भरतो, म्हणून दर कितीही वाढो, तिचं बुकिंग हलत नाही. उलट ड्रायव्हरसकट जाणाऱ्या सात आसनी गाडीचा दर ठरलेला, डिझेल आपल्या खिशातून. दर वाढतो तेव्हा भावाचा जीव तिच्यात अडकतो. शेवटी त्याने तशा दोन गाड्या काढून टाकल्या. इंधन कोण भरतो, एवढ्यावर आमच्या धंद्यात गाडीचा आकार ठरतो.

धागाकर्ती

तेरेखोल, तुमचं शेवटचं वाक्य रानवारांच्या अनुभवाशी नेमकं जुळतं. त्यांच्याकडेही डिझेल भरणारा एक आणि भाडं ठरवणारं गिऱ्हाईक दुसरं. सॅन होजेच्या मुद्द्यामुळे माझं मत थोडं बदललं. आपल्याकडे मागणी हलत नाही असं नाही, तिला हलायला उतरता दर फारसा मिळालाच नाही, हेही त्यामागे आहे.

नवखी_चालक (सोलापूर)

एक विचारू का? घरात सहा माणसं, त्यात सासूबाईंचे गुडघे गेलेले. सात आसनी घ्यायचीय. वर्षाला फार तर बारा हजार किलोमीटर. डिझेल घ्यावी की पेट्रोल?

हडपसर_जुनीगाडी

ताई, पेट्रोल १०४ आणि डिझेल ९२ धरा. पेट्रोलची गाडी लिटरला बारा देईल, म्हणजे किलोमीटरला साधारण ८ रुपये ६५ पैसे. डिझेलची पंधरा देईल, म्हणजे सव्वासहाच्या आत. फरक अडीच रुपयांचा. नव्या डिझेल गाडीला सव्वा लाख जास्त मोजलेत तर ते पन्नास हजार किलोमीटरला वसूल होणार, तुमच्या वापरात चार वर्षांहून जास्त. सोलापूर-तुळजापूर-पंढरपूर एवढंच फिरणं असेल तर पेट्रोल-सीएनजी बघा. पण सिलिंडर मागे बसतो, सामानाला जागा उरत नाही, हे आधी शोरूममध्ये डिकी उघडून बघून घ्या. आणि सासूबाईंना बरोबर न्या. मधल्या रांगेत स्वतःच्या स्वतः चढता आलं तरच ती गाडी घ्या, दर काहीही असो.